तिसरी घागर

चुडामण आमच्याकडे सतरा वर्षं सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, आणि त्याचं वर्ष आखाजीला सुरू होऊन आखाजीलाच संपतं. बाकीच्या जगाचं वर्ष जानेवारीत बदलो नाहीतर पाडव्याला, आमच्या फैजपूरकडच्या केळीच्या बागांत ते वैशाखात, अक्षय्यतृतीयेच्या दिवशी बदलायचं. त्या दिवशी सकाळी जुना सालदार मोकळा व्हायचा आणि संध्याकाळी मालकाशी बोलणं झालं की पुन्हा बांधला जायचा. मधले दहा-बारा तास तो कुणाचाच नसायचा. बाकीचे सालदार तेवढ्या वेळात पत्ते कुटत, कारण आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना कोणी नावं ठेवत नाही. चुडामण मात्र विहिरीजवळच्या हौदाच्या कडेला जाऊन बसायचा.

नुसता बसायचा. आंघोळ झालेली, अंगात धुतलेला सदरा, टोपी मांडीवर. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे पाहत होते. मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, आई म्हणायची हिच्या पायाला भिंगरी आहे, त्यामुळे हा माणूस तिथं दुपारपर्यंत करतो तरी काय, याचा मला राग यायचा. एकदा जाऊन विचारलंच.

"साल हयूहयू लागू देवानं, ताई," तो म्हणाला. "एकदम उडी मारी ते पाय मुरगयस. पहिले देखानं, मांगला सालमा आपन काय काय करं."

हळूहळूला तो हयूहयू म्हणायचा. ती धुळ्याकडची अहिराणी, आणि आमच्या कानाला ती गमतीची वाटायची. आम्ही पोरं त्याला हयूहयू म्हणूनच चिडवायचो. तो कधी चिडला नाही.

बसून झालं की उठायचा आणि ज्याचं त्याचं ज्याला त्याला सांगून यायचा. गोठ्यात जाऊन बैलाच्या कानाशी म्हणायचा, "सरावनमा तुले आर टोची. राग मना दुसरावर व्हता." आणि त्याला पुरणाची पोळी चारायचा. माझ्या आईला एका आखाजीला त्यानं सांगितलं, "काकू, तुमनी लोनचानी बरनी मनाच हातखाले फुटनी. मी मांजरनं नाव सांगं." आई हसावं की रागवावं या विचारात तशीच उभी राहिली. मला म्हणाला, "ताई, चिंचना झाडवर भूत शे सांगं व्हतं. भूत नही शे. चिंचा काढाले चढाना माले कटाया उना व्हता." दोन वर्षं मी त्या झाडाखालून पळत गेले होते, म्हणून मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

माझ्या वडिलांना, नानांना, या सगळ्याचं फार कौतुक. घरी पाव्हणे आले की ते हौदाकडे बोट दाखवून सांगत, "देव देव करणारे पुष्कळ पाहिले. स्वतःकडे बघणारा हा एकच." मग आम्हा भावंडांकडे वळून, "शिका काहीतरी त्याच्याकडून." आम्हाला तो उपदेश वर्षातून एकदा, आमरसाच्या वाटीबरोबर मिळायचा.

तो दुष्काळाच्या साली आला होता, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, अंगावर एक सदरा आणि पायात काही नाही अशा अवस्थेत. घरचं विचारलं तेव्हा नानांना म्हणाला होता, "मांगे काई नही." ते तीन शब्द आमच्या घरानं जसेच्या तसे घेतले. याचं कोणी नाही, हे एकदा ठरलं आणि मग कोणी उकरून काढलं नाही.

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीच्या घागरी पाण्यानं भरून ठेवतात आणि प्रत्येकीच्या तोंडावर एक डांगर ठेवतात. पुण्याकडचे त्याला खरबूज म्हणतात. मग चुलीतले निखारे पुढ्यात ओढून त्यावर तूप सोडायचं, आणि एकेका पितराचं नाव घेत पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर ठेवायचा. याला आगारी म्हणतात. आगारी होईपर्यंत घागरीतल्या पाण्याला कोणी हात लावत नाही. चुडामणला घर नाही म्हणून नाना त्यालाही पाटावर बसवत. "तुझीही नावं घे रे," म्हणत. तो पहिला घास ठेवायचा, "धनसिंगबाबा." दुसरा ठेवायचा, "नर्मदामाय." ते त्याचे आईवडील. मग तो आणखी एक घास ठेवायचा, आणि त्या वेळी तोंड मिटलेलं असायचं.

"तिसरा कोणाचा?" मी पहिल्याच वर्षी विचारलं.

"त्याले नाव नही शे, ताई."

आईनं मला मांडीला चिमटा काढला, त्यामुळे मी गप्प बसले. पुढे तो तिसरा घास इतक्या वेळा पाहिला की तो दिसेनासा झाला.

शहाऐंशी साली माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत बुकिंग क्लार्क. अठ्ठ्याऐंशीत त्यांची बदली नरडाण्याला झाली. केळीच्या गार सावलीतून मी एकदम उघड्या माळावर येऊन पडले. वारा, धूळ, मालगाड्या. पहिले दोन महिने मी नुसती चिडचिड केली. मला त्या गावात माणसांत आणलं ते दूधवालीनं, तानुबाईनं.

तानुबाई स्टेशनजवळच्या वस्तीतली. दोन म्हशी, एक पोर रुक्मा, आणि शेजारीच राहणारा थोरला भाऊ कौतिक. कपाळ मोकळं. नवऱ्याविषयी कधी बोलली तर "रुक्माना बाप" म्हणायची, तेही वर्षातून एखाद्या वेळी. नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता; त्या पिढीची बाई नवरा गेल्यावरही त्याचं नाव तोंडात आणत नाही. तिची बोली ऐकली आणि मला घरच्यासारखं वाटलं. मी तिला म्हटलं, "आमच्या माहेरी एक सालदार आहे, अगदी तुमच्यासारखं बोलतो."

"दुष्कायमा अठला बठ्ठा तिकडेच पयनात," ती दूध मापत म्हणाली.

एवढंच आमचं बोलणं. मी त्याचं नाव सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

एकोणनव्वदच्या आखाजीला मला माहेरी जाता आलं नाही. नवऱ्याला कावीळ होऊन गेली होती, त्यांना पथ्याचं करून घालायला कोणी नव्हतं. मी सकाळपासून भांडी आपटत होते. तानुबाईनं ते ऐकलं आणि दूध ठेवून म्हणाली, "मना घर ये. आखाजीनी पोर एखली बसस का कधी."

गेले. दारातल्या निंबाला झोका बांधलेला, त्यावर रुक्मा उभी राहून उंच झोके घेत होती. ओट्यावर तीन घागरी, तीन डांगरं. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून आगारी कौतिक करायचा. त्यानं निखारे पुढे घेतले, तूप सोडलं आणि पहिला घास ठेवला.

"धनसिंगबाबा," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. माहेरी आता हेच नाव चाललं असेल, असं मनात येऊन गेलं.

"नर्मदामाय."

माझा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला. धनसिंग नावाचे खानदेशात शंभर असतील, नर्मदाही असतील. पण हे दोघं असे पाठोपाठ मी लहानपणापासून एकाच माणसाच्या तोंडून ऐकत आले होते. मी कौतिकच्या हातातल्या तिसऱ्या घासाकडे पाहिलं.

"चुडामण पाव्हना," तो म्हणाला आणि घास ठेवला.

तूप भुर्रकन पेटलं. तानुबाईनं डोळ्याला पदर लावला.  तो माणूस त्याच सकाळी आमच्या हौदाच्या कडेला बसलेला होता. टोपी मांडीवर घेऊन गेलं वर्ष आठवत होता. आणि इथे त्याचा घास जळत होता.

रुक्मानं मला ताट वाढलं, आमरस वाढला. मी दोन घास कसेबसे खाल्ले. मग शक्य तितक्या साध्या आवाजात कौतिकला विचारलं, पाव्हणे, म्हणजे त्याचे मेहुणे, कशानं गेले.

त्यानं सांगितलं ते असं. दुष्काळात पाव्हणा घर सोडून गेला तो यावलकडच्या बंधाऱ्याच्या कामावर आहे, असं कानावर आलं. बहिणीचं बाळंतपण झाल्यावर हा शोधायला निघाला. कामावर मुकादम भेटला. यानं विचारलं, चुडामण धनसिंग कुठे आहे. मुकादम म्हणाला, तो गेला. यानं विचारलं, कधी. मुकादम म्हणाला, मागच्या महिन्यात.

"मी तठेनच मांगे फिरनू," कौतिक म्हणाला. "आखो काय इचारानं."

मला ओरडावंसं वाटलं. आमच्याकडे काम सोडून जो दुसरीकडे जातो त्याला मुकादम "गेला" असंच म्हणतो. हजेरीतलं नाव खोडतो, पुढचं वाचतो. चुडामण त्याच महिन्यात आमच्या नानांकडे आला होता, बंधाऱ्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर. त्या एका शब्दावर या बाईच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि सोळा आखाज्यांना सोळा घागरी भरून झाल्या होत्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते उशीला टेकून म्हणाले, "नावं जुळतात कधी कधी."

"तिन्ही? ओळीनं?"



पंधरा दिवसांनी नवरा हिंडूफिरू लागला तशी मी पॅसेंजरनं भुसावळ आणि तिथून एस.टी.नं माहेर गाठलं. आईनं पाणी पुढे केलं ते न घेता तडक बागेत गेले. चुडामण निसवलेल्या केळीला बांबूचा टेकू देत होता. घड चांगला मोठा होता, भारानं झाड कललेलं. मला पाहून त्याचा चेहरा फुलला.

मी म्हटलं, "चुडामणभाऊ, तानुबाई कोण?"

त्याच्या हातातला बांबू सरकला. झाड मोडून घड जमिनीवर आला, केळी मातीत फुटली. एखादं केळं डागाळलं तरी आखाजीला सांगणारा हा माणूस. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"तिच्या ओट्यावर तुझी घागर भरतात," मी म्हटलं. "सोळा वर्षं झाली."

"मनी?"

"तुझी. कौतिक आगारी करतो. चुडामण पाव्हना म्हणतो आणि घास ठेवतो. मी डोळ्यांनी पाहिलं."

तो मटकन खाली बसला. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं त्यानं, बराच वेळ. मला त्याची दया यायला हवी होती. पण मला राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. म्हटलं, "बैलाला आर टोचली ते तुला आठवतं. लोणच्याची बरणी आठवते. माझ्या चिंचा आठवतात. बायको टाकून आलास, ते एकाही आखाजीला आठवलं नाही?"

"ती गोट काढी ते साल लागतच नही, ताई," तो म्हणाला. "म्हनीसन तितली सोडीसन बठ्ठी काढस."

म्हणजे ती एक गोष्ट सोडून बाकी सगळ्या तो वर्षानुवर्षं काढत आला होता. मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न पाहता. घरात मूठभर ज्वारी उरली होती. ती तानुबाईनं शेजारणीच्या तापलेल्या पोराच्या पेजेसाठी दिली. हा दिवसभर खडी फोडून आलेला, डोक्यात राख घालून घेतली, आणि तिला उंबऱ्यातून बाहेर ढकललं. सातवा महिना होता. ती ओट्याच्या दगडावर पोटावर पडली. लुगडं भिजलं. बायका धावल्या. त्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, पोर गयं. एवढं ऐकलं आणि हा पळाला. मागे वळून पाहिलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी आईनं चिमटा काढून मिटवलेला प्रश्न माझ्या तोंडाशी आला. "तो तिसरा घास..."

त्यानं मान हलवली. "पोर व्हती का पोऱ्या, ते बी माहीत नही. नाव कसं ठेवू."

 ती तिकडे याचा घास जाळत होती, हा इकडे त्या बाळाचा. दोघंही जिवंत. दोन्ही घरांत एकाच दिवशी, एकाच वेळी.

"नाव आहे," मी म्हटलं.  "रुक्मा. सोळा वर्षांची आहे. तिनंच मला आमरस वाढला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आनंद वगैरे काही नव्हता, नुसता धक्का होता. तोंड उघडं राहिलं होतं. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "चालस का ती?"

"काय?"

"दगडवर पडनी व्हती माय. पोरना हातपाय बराबर शेत का? चालस का?"

"झोक्यावर उभी राहते," मी म्हटलं. "निंबाच्या शेंड्याला पाय लावते."

तेव्हा तो रडला. मी तिथून उठून आले.

नाना ओसरीवर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते चकित होतील, "अरेरे" म्हणतील, अशी माझी समजूत. ते चष्मा पुसत राहिले.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण तिसरा घास मीही बघत होतो."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तो गेला असता," नाना म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "बाग कोणी पाहिली असती, मंदे?"

चुडामणच्या गोष्टीनं मी हादरले होते, पण या उत्तरानं त्याहून जास्त. हौदाकडे बोट दाखवून आम्हाला उपदेश करणारा माझा बाप. त्याला तो माणूस तिथे बसलेलाच हवा होता. मी त्यांना फार बोलले, जे बोलायला नको तेही बोलले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चुडामण मात्र नरडाण्याला यायला तयार होईना. "माले मरेलच ऱ्हाऊ दे, ताई," एवढंच म्हणत राहिला. मी एकटी परत आले.

तानुबाईला सांगायचं कसं, याच्या मी चार तऱ्हा ठरवल्या होत्या. ती दुसऱ्या दिवशी दूध घालायला आली आणि मी सगळ्या विसरून सरळ म्हटलं, "तानुबाई, रुक्माचे वडील जिवंत आहेत. आमच्याकडे सालदार आहेत." तिनं हातातलं माप भरलं होतं. ते तिनं पातेल्यात ओतलं, दुसरं भरलं, तेही ओतलं. एक थेंब सांडला नाही. किटलीला झाकण लावून ती निघून गेली.

चार दिवस रुक्मा दूध घेऊन आली. तिला माहीत आहे की नाही, ते मला तिच्या तोंडावरून कळेना. पाचव्या दिवशी तानुबाई स्वतः आली. डोळे सुजलेले, आवाज अगदी नेहमीचा. तिनं विचारलं म्हणून मी तिला त्याचं आखाजीचं हौदावर बसणं आणि ज्याचं त्याला सांगणं, सगळं सांगितलं.

"त्याले सांग, आखाजीले ये म्हना. आधी नको."

"आखाजीला अजून अकरा महिने आहेत."

"साल पुरं करू दे," ती म्हणाली. "अर्धं टाकीसन जावानी त्याले सवय शे."

हे मी पत्रात जसंच्या तसं लिहिलं. नानांनी ते चुडामणला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं, असं आईनं नंतर सांगितलं. अकरा महिने त्यानं आधी करायचा तेच काम केलं. संपूर्ण पिलबाग, म्हणजे जुन्या खोडांच्या पिलांवर वाढणारी केळीची बाग, उभी केली. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. तानुबाईनंही पुन्हा त्याचा विषय काढला नाही. ती दूध घालायची, मी भांडं पुढे करायचे, आणि आमच्या दोघींच्या मध्ये तो माणूस उभा असायचा.

नव्वदच्या आखाजीला मी सकाळच्या गाडीला स्टेशनवर गेले. गाडीतून तो उतरला. नवा सदरा नानांनी घेऊन दिलेला, हातात केळीची एक फणी. मी पुढे, तो मागे. वाटेत त्याला दोनदा थांबावं लागलं. मला वाटलं चालून दम लागला असेल, पण तो थरथरत होता. मी, जिला पाच मिनिटं दम निघत नाही ती, त्याच्यासाठी उन्हात उभी राहिले.

घर दिसलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. ओट्यावर तीन घागरी मांडलेल्या होत्या. मला वाटलं होतं, यंदा दोन असतील. तिन्ही नव्या, तिन्ही भरलेल्या, तिन्हींवर डांगरं. या बाईनं त्याला इथपर्यंत बोलावलं ते मेलेलाच ठेवायला की काय, असं माझ्या मनात आलं.

तानुबाई दारात आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कौतिक आतून येऊन भिंतीला टेकला. रुक्मा झोक्याची दोरी धरून उभी होती. चुडामणनं तिच्याकडे पाहिलं, सगळ्यात आधी तिच्या पायांकडे.

"तठेच बस. वटावर," तानुबाई म्हणाली.

तो ओट्यावर बसला. तोच ओटा, तोच दगड.

"तू दर आखाजीले बसस म्हने," ती म्हणाली. "मांगलं आठवस आनि लोकेसले सांगस. मंदाताईनी सांगं. ते आज आठे सांग."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.  मग म्हणाला, "कौतिकभाऊ, तुनी कुऱ्हाड मी मांगी लई गऊ व्हतू. ती परत..."

"ते नही," तानुबाई म्हणाली.

शेजारपाजारची माणसं जमली होती.  चुडामण त्या दगडावर हात फिरवत राहिला. मला वाटलं आता हा उठेल आणि पळेल, एकदा पळालेला माणूस. 

"मी तुले ढकलं," तो म्हणाला. "मूठभर जवारीसाठे. तू पोटवर पडनी. पोर गयं म्हने कोनी, आनि मी पयी गऊ. मांगे फिरीसन देखं नही. तू जितली का मरनी, ते बी देखं नही."

 सतरा आखाज्यांना त्यानं सगळ्या गावाला सगळं सांगितलं, आणि हे पाच-सहा वाक्यांचं काम होतं. ऐकताना मला जाणवलं की माझीही एक गोष्ट राहिली आहे. नानांना जे बोलायला नको ते बोलले होते, वर्ष उलटलं तरी त्याबद्दल एक ओळ त्यांना लिहिली नव्हती.

कौतिक भिंतीपासून पुढे आला. "मी बी चुकनू," तो म्हणाला, कोणाकडे न पाहता. "गया म्हनं मुकादम. कोठे गया, तितलं इचारं नही."

 तानुबाई आत वळली आणि चुलीपुढे बसून निखारे पुढे ओढू लागली. आमच्याकडे तिची पाठ होती. मला कळेना हे काय चाललंय. तेवढ्यात तिनं पाठमोऱ्यानंच रुक्माला हाक मारली आणि म्हणाली, "बेटा, ती तिसरी घागर लई ले. ती ज्यानी शे त्याले दे."

रुक्मानं दोरी सोडली. ओट्यावर आली. तिसऱ्या घागरीवरचं डांगर उचलून तिनं बाजूला ठेवलं. आगारी व्हायची होती, त्या पाण्याला त्याआधी कोणी हात लावत नाही, हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकानंही तिला अडवलं नाही. तिनं घागर दोन्ही हातांनी उचलली आणि बापापुढे तिरकी केली.

चुडामणनं ओंजळ पुढे केली. पाणी पडायला लागलं तसा तो प्यायला लागला, भराभर, श्वाससुद्धा न घेता. पाणी कोपरांवरून खाली ओघळून नवा सदरा भिजला.

चुलीपाशी तूप पेटलं. मागे न वळता तानुबाई म्हणाली, "हयूहयू पे. ठसका लागी."